बाटलीत फळ नाही, मग फळाचा वास कुठून?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेले 'अं' आणि 'म्हणजे' बरेचसे काढलेत, काही राहिले असतील तर चालवून घ्या. आणि आधीच सांगतो, दारू प्या असं सांगणारा हा भाग नाही. मी स्वतः दोन महिन्यांतून एखादा पेग घेणारा माणूस आहे, आणि ज्यांच्यामुळे हा विषय डोक्यात शिरला ते माझे मामा तर थेंबालाही शिवत नाहीत.

झालं असं की एक मित्र एडिनबराहून परत आला आणि त्यानं स्पेसाइडच्या सिंगल माल्टची एक बाटली आणली. मामा तेव्हा आमच्याकडे पुण्यात आले होते. मामा सांगलीकडे ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त. त्यांनी चष्मा वर करून बाटलीवरचं सगळं वाचलं. सफरचंद, नासपती, मनुका, मध. मग मला विचारलं, "एवढं सगळं घातलंय यात?"

म्हटलं, "नाही मामा, यातलं काहीच नाही. बार्ली, पाणी आणि यीस्ट. चौथी गोष्ट घालायची परवानगीच नाही त्यांना. फार तर रंगासाठी साधं कॅरॅमल."

मामांनी ग्लास नाकाला लावला नाही. लॅबमध्ये मुलांना शिकवतात तसा हातभर लांब धरून हातानं वास आपल्याकडे ओढला. "केळं," ते म्हणाले. "एस्टर आहे. बारावीच्या प्रॅक्टिकलला करून घ्यायचो आम्ही." आणि मग त्यांनी जो प्रश्न विचारला त्याच्यामागे मी गेले तीन महिने आहे. "एस्टर तयार कसा होतो ते मला कळतं रे. पण या लोकांना हाच वास हवा होता, हे त्यांनी कधी ठरवलं?"

त्याचं उत्तर असं की बराच काळ कुणी ठरवलंच नव्हतं.

आधी रसायन पटकन उरकू. बार्ली, म्हणजे आपलं सातू, भिजवून मोड आणायचे, वाळवायचं, दळायचं, गरम पाण्यात घालून त्यातली साखर काढून घ्यायची. त्या गोड पाण्यात यीस्ट टाकलं की दोन दिवसांत अल्कोहोल तयार होतं. सोबत आम्लंही होतात. अल्कोहोल आणि आम्ल एकत्र आले की एस्टर. आयसोअमाइल ॲसिटेट म्हणजे केळ्याचा वास, इथाइल हेक्सानोएट म्हणजे सफरचंदाकडे झुकणारा, इथाइल ब्युटिरेट म्हणजे अननस. खऱ्या फळातही याच जातीचे रेणू असतात. फणस घरात आणल्यावर शेजाऱ्यांना कळतं ते अशाच एस्टरांमुळे. म्हणजे बाटलीवर लिहिलेलं फळ ही निव्वळ कविता नाही, रेणू खरोखर तिथं आहेत.

आता गंमत इथं आहे. यीस्ट आपलं काम साधारण पन्नास तासांत संपवतं. तेव्हाच पिंप रिकामं करून भट्टीत घातलं तर जी व्हिस्की होते ती बिस्किटासारखी, थोडी शेंगदाण्याच्या चवीची. पण तसंच आणखी एक-दोन दिवस राहू दिलं तर लॅक्टिक बॅक्टेरिया शिरतात, दह्यात असतात त्याच कुळातले, आणि आम्लं वाढतात. आम्लं वाढली की फळं वाढतात. पुढं तांब्याच्या भट्टीत वाफ जितकी सावकाश चढेल, जितक्या वेळा अर्ध्यातून खाली पडून पुन्हा वर येईल, तितकी ती तांब्याला घासते. तांबं गंधकाचे उग्र वास ओढून घेतं आणि खाली दडलेलं फळ वर येतं. मग लाकडी पिपात वर्षानुवर्षं. तिन्ही ठिकाणी मुद्दा एकच, वेळ. आणि वेळ ही गोष्ट धंद्यात कुणीही फुकट देत नाही.

म्हणून मी इतिहासात चव शोधायचं सोडून दिलं आणि कर शोधायला लागलो.

अठराव्या शतकाच्या शेवटी स्कॉटलंडच्या सखल भागात, म्हणजे लोलँड्समध्ये, दारूवर कर लावायची पद्धत अशी होती की भट्टी किती मोठी आहे ते मोजायचं आणि त्यावर वर्षाचा परवाना घ्यायचा. किती दारू गाळली ते नाही, भांडं केवढं ते. सरकारचा हिशोब सरळ होता, एवढ्या भांड्यातून वर्षाला साधारण एवढी दारू निघते. आता तुम्ही भट्टीमालक असाल तर काय कराल? मी कोड लिहितो, मला हे लगेच कळलं. मोजमाप भांड्याचं आहे ना, मग भांडं तेच ठेवा आणि ते दिवसातून जास्तीत जास्त वेळा चालवा. त्यांनी भट्ट्या परातीसारख्या पसरट आणि उथळ केल्या, खाली जाळ भडकवला आणि पूर्वी कित्येक तास लागायचे ते काम अक्षरशः काही मिनिटांवर आणलं. इंजिनिअरिंग म्हणून थक्क करणारं. चव म्हणून भयंकर. करपलेली, जळजळीत दारू. त्यातली बरीचशी लंडनला गेली आणि तिथं पुन्हा गाळून जिन झाली, कारण जशीच्या तशी पिणं अवघडच होतं.

याच काळात उत्तरेला, डोंगराळ हायलँड्समध्ये, चोरून दारू गाळणारे होते. त्यांना परवाना नव्हता, त्यामुळे घाईही नव्हती. म्हणजे अबकारीच्या शिपायाची भीती होती, पण परवान्याच्या पैशाची वसुली डोक्यावर नव्हती. छोटी भट्टी, मंद जाळ, आणि काही जण तर गाळलेली दारू लाकडी पिपात लपवून ठेवायचे. बेकायदा माल कायदेशीर मालापेक्षा चांगला होता. हे इतकं उघड होतं की १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला तेव्हा त्याला ग्लेनलिव्हेटची व्हिस्की हवी होती, आणि ग्लेनलिव्हेट म्हणजे तेव्हा चोरट्या भट्ट्यांचं खोरं. एलिझाबेथ ग्रँट या बाईंनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की वडिलांच्या सांगण्यावरून त्यांनी घरच्या साठ्यातली, पिपात मुरलेली व्हिस्की राजासाठी पाठवली होती. ज्या राजाच्या नावानं अबकारी गोळा व्हायची त्याच्याच ग्लासात अबकारी चुकवलेला माल.

पुढच्याच वर्षी, १८२३ साली, नवा अबकारी कायदा आला. परवान्याला १० पौंड, कर निम्म्याहून खाली, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कर आता गाळलेल्या दारूच्या गॅलनवर. भट्टी सावकाश चालवली म्हणून शिक्षा नाही. माझ्या मते फळांच्या वासाची ही गोष्ट खरी इथं सुरू होते, एका कराच्या कलमात. (आपल्याकडे १९४९च्या दारूबंदी कायद्यानं मुंबईच्या बारबाहेर 'परमिट रूम' ही पाटी लावली आणि पिण्याची एक वेगळीच संस्कृती तयार झाली, हे आठवलं. कायदा दारू थांबवो न थांबवो, तिला आकार मात्र देतो.)

ग्लेनलिव्हेटच्या खोऱ्यात पहिला परवाना घेतला जॉर्ज स्मिथ नावाच्या शेतकऱ्यानं, १८२४ साली. शेजाऱ्यांना वाटलं हा फितूर झाला. भट्टी जाळू आणि सोबत तुलाही, अशा धमक्या आल्या. अबेरलूरच्या जमीनदारानं त्याला पिस्तुलांची जोडी दिली. स्मिथ ती कमरेला लावून हिंडायचा, ती पिस्तुलं अजून जपून ठेवलेली आहेत. पुढं त्याच्या मालाला इतकं नाव झालं की आजूबाजूच्या कित्येक डिस्टिलऱ्या आपल्या नावापुढं 'ग्लेनलिव्हेट' जोडायला लागल्या, काही तर त्या खोऱ्यापासून मैलोनमैल लांब होत्या. कर्नाटकातला आंबा देवगड हापूस म्हणून विकतात तसंच. १८८०च्या दशकात प्रकरण कायद्यात गेलं आणि तडजोड झाली, 'द ग्लेनलिव्हेट' फक्त स्मिथच्या घराण्याचं, बाकीच्यांनी आपलं नाव आधी लावून जोडरेघेनं ग्लेनलिव्हेट लिहावं.

पण त्यांना ते नाव का हवं होतं? कारण तोवर व्हिस्कीचं मिश्रण करणारे व्यापारी मोठे झाले होते. एडिनबराच्या अँड्र्यू अशरनं १८५३ साली ग्लेनलिव्हेटचा माल वापरून आपलं मिश्रण बाजारात आणलं. मिश्रणवाल्याला हलकी, गोडसर, धूर नसलेली माल्ट हवी असते, कारण ती सगळ्यात मिसळते. आणि धूर का नव्हता? तर रेल्वे. बेटांवर बार्ली वाळवायला पीट जाळत, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेला तो तपकिरी थर, त्याचा धूर दाण्यात बसतो. स्पेसाइडमध्येही पीट होतंच. पण १८६३ साली स्ट्रॅथस्पे रेल्वे सुरू झाली आणि कोळसा, कोक दारात आला. धूर कमी झाला. धूर नसला की नाकाला एस्टर सापडतात. १८६९ साली जॉन स्मिथनं क्रॅगनमोर डिस्टिलरी मुद्दाम रेल्वेलगत बांधली. आणि १८९०च्या दशकात तर स्पेच्या खोऱ्यात डिस्टिलऱ्यांचं पेवच फुटलं, जे १८९८ साली पॅटिसन बंधूंचं दिवाळं निघाल्यावर ओसरलं. तो वेगळ्या भागाचा विषय आहे, त्यात पोपटही येतो, सध्या सोडून देऊ.

आता मनुका. केळं, सफरचंद, नासपती हे आंबवण्यातून आणि भट्टीतून येतं. मनुका, अंजीर, खजूर, संत्र्याची साल, ख्रिसमसच्या केकचा वास, हे येतं पिपातून. आणि हे पीप मूळचं व्हिस्कीचं नव्हेच.

ब्रिटिश लोक एकोणिसाव्या शतकात शेरी अतोनात प्यायचे. ही दक्षिण स्पेनमधल्या हेरेसच्या परिसरातली वाइन. ती बाटल्यांत येत नसे, पाचशे लिटरच्या लाकडी पिपांतून जहाजानं येई, आणि लंडन, ब्रिस्टल, लीथ अशा बंदरांत बाटल्या भरल्या जात. पीप परत पाठवायचा खर्च कोण करणार? ढिगानं रिकामी पिपं, स्वस्त. स्कॉटलंडच्या गाळणाऱ्यांनी ती उचलली. आपल्याकडे तेलाचे रिकामे डबे घरोघरी धान्याला आणि कुंड्यांना वापरतात, तोच हिशोब. चव सुधारावी म्हणून कुणी स्पेनला गेलं नव्हतं. पण लाकडात मुरलेली शेरी आणि ओकचं लाकूड मिळून व्हिस्कीला गडद रंग आणि सुक्या मेव्याचा वास देऊ लागलं, आणि पिणाऱ्यांची जीभ त्याला सरावली.

तरीही पिपात ठेवणं सक्तीचं नव्हतं. ती सक्ती पहिल्या महायुद्धानं आणली. लॉइड जॉर्जला दारूवर जबर कर बसवायचा होता, कारखान्यातले कामगार पिऊन पडतात ही तक्रार. व्हिस्कीवाल्यांनी विरोध केला, आणि शेवटी तोड निघाली ती अशी की करकरीत कोवळी दारू विकायचीच नाही. १९१५च्या कायद्यानं किमान दोन वर्षं, पुढच्या वर्षी तीन. ते तीन वर्षांचं कलम आजही आहे. दारू कमी व्हावी म्हणून धडपडणाऱ्या मंत्र्यामुळे दारू चांगली झाली. अमेरिकेचा वाटाही थोडक्यात सांगतो. १९३०च्या दशकात तिथं बोर्बनसाठी दर वेळी नवं पीप वापरायचा नियम झाला, त्यामुळे तिथली एकदा वापरलेली पिपं स्कॉटलंडला येऊ लागली. व्हॅनिला आणि नारळाचा वास त्यांचा. म्हणजे पुन्हा दुसऱ्याचं टाकाऊ.

मामांच्या प्रश्नावर परत येतो. हे सगळं होईपर्यंत 'फळांची व्हिस्की' असा प्रकार दुकानात नव्हता. माल्ट बहुतेक मिश्रणात जायची. ग्लेनफिडिकनं १९६३ साली सिंगल माल्ट म्हणून देशाबाहेर विकायला सुरुवात केली तेव्हा धंद्यातल्या इतरांना ते धाडस वाटलं होतं. आणि वासांना नावं देण्याचं काम पद्धतशीर झालं ते १९७९ साली, एडिनबराच्या पेंटलँड्स संशोधन संस्थेत. तिथल्या शास्त्रज्ञांनी व्हिस्कीच्या वासांचं एक चक्र काढलं. धान्य, धूर, गंधक, फुलं आणि फळं, म्हणजे एस्टर. ते चक्र गिऱ्हाइकांसाठी नव्हतं, कारखान्यात एकमेकांशी बोलताना गोंधळ होऊ नये म्हणून होतं. तिथून ते शब्द पुस्तकांत, मग बाटलीवर गेले. म्हणजे वास शंभर-दीडशे वर्षं आधी आला आणि नाव नंतर. मामा, तुमच्या प्रश्नाची तारीख हवी असेल तर माझं उत्तर १९७९.

पण एकदा नाव मिळालं, मागणी आली, की वेळेचा आणि पैशाचा झगडा नव्यानं सुरू होतो. तीन उदाहरणं सांगतो, मला सगळ्यात जास्त याच भागात रस आहे.

पहिलं, शनिवार-रविवार. जुन्या डिस्टिलऱ्या आठवड्याला पाच दिवस चालायच्या. शुक्रवारी भरलेलं पिंप सोमवारपर्यंत तसंच पडून राहायचं, कारण माणसं घरी. त्यामुळे आठवड्यातल्या काही पिंपांना पन्नास तास आणि काहींना शंभराच्या आसपास. ती सुट्टीतली पिंपं जास्त फळं द्यायची आणि सगळं मिसळून त्या डिस्टिलरीची चव ठरायची. मग कुणीतरी हिशोब करून सात दिवस, तीन पाळ्या सुरू करतं. उत्पादन वाढतं, पण ती सोमवारची पिंपं नाहीशी होतात. कागदावर कुठंच 'शनिवार-रविवार' हा घटक लिहिलेला नसतो. आमच्या धंद्यात अशा गोष्टी नेहमी होतात. कुणीतरी जुन्या सिस्टिममधला निरुपयोगी वाटणारा थांबा काढून टाकतो आणि तिसरीकडेच काहीतरी मोडतं.

दुसरं, ग्लेनफार्क्लास. ग्रँट कुटुंबानं ही डिस्टिलरी १८६५ साली ५११ पौंड १९ शिलिंगला घेतली, आणि अजून त्यांच्याकडेच आहे. शेरीच्या पिपांतला सुक्या मेव्याचा वास ही त्यांची ओळख. भट्टीखाली थेट जाळ लावायची जुनी रीत महाग पडते, म्हणून १९८१ साली त्यांनी एका भट्टीत वाफेवर गरम करून बघितलं. निघालेला माल त्यांना सपक वाटला. त्यांनी वाफेचा बेत गुंडाळून पुन्हा जाळ पेटवला. मला या गोष्टीत आवडतं ते हे की त्यांनी आधी एकाच भट्टीवर बघितलं, आणि नको ते परत फिरवलं. हे कुटुंबाच्या मालकीत जमतं, शेअर बाजारात कितपत जमेल, शंका आहे.

तिसरं पुन्हा शेरीचं. विसाव्या शतकात ब्रिटिशांचं शेरीप्रेम आटलं, त्यामुळे पिपं कमी झाली. डिस्टिलऱ्यांनी एक पळवाट काढली, शेरीपासून केलेला दाट, काळपट, गोड पाक दाबानं पिपात घुसवायचा, म्हणजे जुनं थकलेलं लाकूड पुन्हा रंग द्यायला लागतं. हे वर्षानुवर्षं चाललं. १९९०च्या सुमारास नियमांनी ते बंद केलं. आणि १९८०च्या दशकातच स्पेननं शेरी तिथंच बाटलीत भरायचं ठरवलं. जहाजानं येणारी पिपं संपली. ज्या टाकाऊ मालावर दीडशे वर्षं एक चव उभी होती तो टाकाऊ माल राहिलाच नाही.

मग आता काय करतात? नवं पीप बनवून घेतात. स्पेनमध्ये ते शेरीनं भरतात, दीड-दोन वर्षं ठेवतात, रिकामं करतात आणि स्कॉटलंडला पाठवतात. एका पिपाची किंमत अमेरिकेच्या जुन्या पिपाच्या कित्येक पट. लेबलवर 'शेरी कास्क' लिहिलेलं असतं आणि ते खोटं नाही. पण जहाजातून आलेलं, कुणीतरी शेरी पिऊन रिकामं केलेलं पीप ते नाही. जुन्या बाटल्या जमवणारे म्हणतात की चव बदलली. कंपन्या म्हणतात की आता पिपाचा दर्जा आमच्या हातात आहे, पूर्वी नशिबावर होता. मला दोघांचंही पटतं, आणि तरी जास्त पैसे मागताना 'परंपरा' हा शब्द वापरला की माझी भुवई वर जाते. परंपरा होती रिकामं पीप स्वस्तात उचलायची.

एक शेपूट जोडतो, कारण बरेच जण विचारतील. आपल्या जवळ, गोव्यात कुंकळ्ळीला, पॉल जॉन सिंगल माल्ट गाळतात, भारतीय बार्लीपासून. स्कॉटलंडमध्ये पिपातून वर्षाला साधारण दोन टक्के माल हवेत उडून जातो. गोव्याच्या उकाड्यात त्याच्या कित्येक पट. लाकडाचा रस लवकर उतरतो, त्यामुळे पाच-सहा वर्षांत गडद गोडवा येतो. पण बारा-पंधरा वर्षं थांबावं म्हटलं तर पिपात उरणार किती? तिथं वेळेचं गणितच वेगळं, त्यामुळे वयाचा आकडा बघून दोघांची तुलना करण्यात अर्थ नाही.

तर हे सगळं मी मामांना फोनवर सांगितलं. पाऊण तास. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पीप भिजवायला ती जी शेरी घालतात, तिचं पुढं काय करतात?"

म्हटलं, "बऱ्याचदा पिण्यासाठी विकत नाहीत. पुन्हा पुन्हा वापरतात, आणि मग व्हिनेगर करतात नाहीतर गाळून टाकतात."

"म्हणजे आधी शेरी विकून पीप उरायचं आणि आता पिपासाठी शेरी करतात."

"हो."

ते हसले. मग म्हणाले, त्या दिवशी सकाळी तुझा तो रात्रीचा ग्लास मी बेसिनमध्ये धुवायला घेतला होता, तळाशी नुसता वाळलेला डाग होता. सवयीनं वास घेतला. केळं गेलं होतं, हलका रेणू आहे, लगेच उडतो. मनुका मात्र तशाच होत्या.